नवा महिना आणि रूबेनचे बूट

पपांच्या पहिल्या वर्षाच्या प्रार्थनेत मी देवाला एकच गोष्ट सांगायला विसरलो. आज नवा महिना लागलाय, ही.

आता देवाला हे ठाऊक नसेल असं नाही. चंद्र त्याचा, महिना त्याचा. पण आम्हा बेने इस्रायली लोकांत नियम असा, की महिन्याच्या पहिल्या दिवशी रोजच्या प्रार्थनेत एक जादा परिच्छेद घालायचा. त्याचं नाव 'यआले वेयावो'. सणावारीही तोच. विसरलात तर प्रार्थना झाली नाही असं धरतात. परत म्हणा! (मी विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात आहे. एक रकाना रिकामा दिसला की अख्खा फॉर्म परत पाठवायचा, हा माझा कित्येक वर्षांचा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ह्या नियमाला नावं ठेवायला मला तोंड नाही.)

आम्ही मुलुंडचे ज्यू. मुलुंडात ज्यू राहतात हे ऐकून लोक आधी माझ्याकडे बघतात, मग मुलुंडकडे. आडनाव अलिबागजवळच्या एका गावाचं, शेवटी 'कर'. बोलणं मराठी, मासे आठवड्यातून चार वेळा. त्यामुळे ऑफिसात निम्मे लोक मला सारस्वत समजतात आणि उरलेले सीकेपी. मी खुलासा करायचं सोडून दिलंय. वयच नाही राहिलं आता खुलासे करायचं.

तर, पपांना जाऊन वर्ष होत आलं आणि आईने फर्मान काढलं.

"ह्यांचा कद्दिश घरात झाला पाहिजे. आणि तू म्हटला पाहिजेस."

कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी त्याच्या मुलाने म्हणायची प्रार्थना. ती येते अगदी शेवटी, आणि दहा पुरुष हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही. नऊ असले तर नऊ जणांनी चहा पिऊन घरी जायचं.

"आई, ठाण्याला सिनेगॉगमध्ये करू ना. तिथे माणसं आयती मिळतात."

"मशिदीत सगळ्यांचाच होतो." (आई अजून सिनेगॉगला मशीदच म्हणते, जुनी माणसं म्हणत तशी.) "हे ह्या घरात चाळीस वर्षं राहिले. शेवटचे सहा महिने त्या खिडकीशी बसून होते. इथेच झाला पाहिजे."

मी माणसं गोळा करायला लागलो. मुलुंडात दहा ज्यू पुरुष एका सकाळी एका घरात आणण्यापेक्षा मुलीचं लग्न जमवणं सोपं. एकाचा गुडघा, दुसऱ्याचा मुलगा परदेशातून आलेला, तिसऱ्याने तर सरळ विचारलं, "नाश्त्याला काय आहे?" अखेर आकडा लागला. मी, पपांचे धाकटे भाऊ सायमनकाका, माझ्या बहिणीचा नवरा रूबेन, खालच्या गल्लीतले ब्याऐंशी वर्षांचे अब्राहमअंकल आणि ठाण्याहून एका गाडीत कोंबून आलेले सहा जण. बरोब्बर दहा. एकही शिल्लक नाही!

आणि त्या दहांतला एक सैल होता. रूबेन. त्याने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बेनी, मी पावणेनऊला निघणार म्हणजे निघणार. दहाला अंधेरीत माझं प्रेझेंटेशन आहे. बॉस खवळलेला आहे ऑलरेडी."

"अरे, आठपर्यंत संपेल," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बरीच संकटं ह्या एका वाक्याने सुरू झालेली आहेत.

त्यात आमचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे गृहस्थ, पनवेलला भाचीच्या लग्नाला गेलेले. म्हणजे प्रार्थना चालवायची मीच. मी आठवडाभर बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला. बायको, रिबेका, बाहेरून ओरडायची, "अरे, देवाला ऐकू गेलं! पाणी बंद कर आता!"

इथे पपांबद्दल एक सांगायला हवं. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये पपांना कुठलंही पद नव्हतं, पण एक काम होतं. नव्या महिन्याच्या सकाळी, सगळे उभं राहून मनातल्या मनात प्रार्थना सुरू करणार, त्याच्या ऐन आधी पपा समोरच्या टेबलावर तीनदा हात आपटायचे. धाड, धाड, धाड! त्या टप्प्यावर बोलायला बंदी असते, म्हणून नुसता हात. त्याचा अर्थ, 'मंडळी, आज यआले वेयावो आहे, विसरू नका.' पपांचा हात जबरदस्त होता. एखाद्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्याचं काळीज बंद पडेल अशी आम्हाला धास्ती वाटायची. चाळीस वर्षं कोणाला काही लक्षात ठेवावं लागलं नाही.

आणि पपांची वर्षाची तिथी आली नेमकी महिन्याच्या पहिल्या दिवशी.

सकाळी सातला सगळे आले. सोफा आणि टीपॉय बेडरूममध्ये ढकलले, तेव्हा कुठे दहा माणसं हॉलमध्ये मावली. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून म्हणायची, आणि जेरुसलेम पश्चिमेला, म्हणजे आमच्या हॉलमधून समोरच्या इमारतीतल्या प्रधानांच्या बाल्कनीच्या दिशेला. प्रधानांच्या वाळत घातलेल्या परकरांकडे तोंड करून आम्ही उभे राहिलो. स्वयंपाकघरातून पुऱ्यांचा आणि नारळाच्या दुधातल्या खिरीचा वास येत होता. अब्राहमअंकलना डायबेटीस. त्यांच्या मुलीचा दर दहा मिनिटांनी फोन यायचा, "पप्पांनी खाल्लं का?" प्रार्थनेआधी खायचं नाही हा अंकलचा हट्ट. रिबेका प्रत्येक वेळी सांगत होती, "होतंच आलंय हं."

पाय जोडून मनातल्या मनात म्हणायची ती प्रार्थना सुरू झाली. मी डोळे मिटले. सायमनकाकांनी डोळे मिटले. दहाही जणांनी डोळे मिटले, आणि आमच्या घरात कधी नव्हे इतकी शांतता पसरली. मला वाटलं, वा! पपा वरून बघत असतील.

ती प्रार्थना संपली की तीन पावलं मागे जायचं असतं, राजाच्या दरबारातून निघाल्यासारखं. आता, वन बीएचकेत तीन पावलं आणायची कुठून? मी दीड पाऊल मागे गेलो तो सायमनकाकांच्या पोटावर आदळलो. काका रूबेनवर. रूबेन चपलांच्या रॅकवर! रॅक धाडकन आडवा झाला आणि वीस चपला-बूट हॉलभर पसरले.

तो आवाज ऐकून अब्राहमअंकलनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हं... हात कोणी आपटला?"

"हात नाही अंकल, रॅक पडला."

"ते कळलं रे. आधी. आधी हात कोणी आपटला?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे.

"मला वाटलं तू आपटशील," काका म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही."

"मी यआले वेयावो म्हटलाच नाही," ठाण्याचा एक जण हळूच म्हणाला. "मीपण नाही," दुसरा म्हणाला. मग एकेकाने कबुली दिली. दहाच्या दहा! ज्या माणसाने चाळीस वर्षं एकालाही विसरू दिलं नाही, त्याच्याच वर्षाला अख्खी पलटण विसरली. माझी मान खाली गेली ती गेलीच.

खरं तर पुढची पायरी अशी, की हीच प्रार्थना चालवणाऱ्याने लगेच मोठ्याने म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. मी पान उलटून सुरुवात करणार, तेवढ्यात सायमनकाका कडाडले, "थांब! आधीची झाली कुठे? परत म्हणायला लागेल. सगळ्यांना!"

सायमनकाकांकडे नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे. ते त्यांनी वाचलंय असा आमच्या घराण्यात समज आहे.

"विसरलेल्या जागेपासून म्हणू ना काका," मी गयावया केली.

"पाय हलवायच्या आधी आठवलं असतं तर तिथून. पाय हलला की संपलं. पहिल्यापासून!"

"माझं दीडच पाऊल झालं. मध्ये तुम्ही होतात."

"दीड म्हणजे हललाच ना? आणि मध्ये बोलू नका रे! प्रार्थनेत बोलत नाहीत!" असं म्हणून काका आणखी पाच मिनिटं बोलले.

आता माझं चुकलं ते इथे. मला वाटलं, आई दारात उभी आहे, पपांच्या नावाने चाललंय, उगाच कमी नको पडायला. रकाना रिकामा तर फॉर्म परत, ह्यात मी मुरलेला. मी मान डोलावली. "म्हणू या परत."

रूबेनने घड्याळ बघितलं. साडेआठ! त्याचं तोंड आंबट झालं, पण उभा राहिला बिचारा.

दुसऱ्यांदा सुरू करायच्या आधी काकांनी स्वतः भिंतीवर हात आपटला, धाड धाड धाड. मी सुरुवात केली. पण अर्ध्यावर आल्यापासून माझ्या डोक्यात एकच, की शेवटी मागे जाताना काकांचं पोट कसं चुकवायचं. डावीकडून गेलो तर फ्रिज. उजवीकडून गेलो तर अंकल. तिरका गेलो तर? हा हिशेब जमवून मी मोठ्या ऐटीत तिरका मागे सरलो, कोणालाही धक्का नाही लागला, आणि मग लक्षात आलं, की मी यआले वेयावो परत विसरलो होतो.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण चेहरा! चेहऱ्याने घात केला.

"बेन्या," काका म्हणाले, "विसरलास ना?"

"...हो."

नऊ माणसांनी एकदम सोडलेला श्वास कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. प्रधानांच्या बाल्कनीतले परकर हलल्यासारखे वाटले.

"म्हण परत. आम्ही थांबतो," काका म्हणाले.

ह्याच वेळी रिबेका स्वयंपाकघराच्या दारात आली आणि मला दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करायला लागली. नको-नको, बस-बस, अशा. मला वाटलं, पुऱ्या गार होतायत म्हणून उरक म्हणतेय. मी हातानेच सांगितलं, जा. तिने डोकं धरलं, आत गेली, आणि एक चिठ्ठी आणून काकांच्या हातात दिली. काकांनी ती न वाचता खिशात घातली.

"प्रार्थनेत चिठ्ठ्या वाचत नाहीत," काका म्हणाले.

मी तिसऱ्यांदा सुरू झालो. एकटा. नऊ जण उभे, आणि मी ओठ हलवतोय. अंकलच्या मुलीचा फोन वाजला. रिबेकाचा आवाज आता रडवेला झाला होता, "होतंच आलंय हं." समोरच्या बाल्कनीत प्रधान पेपर घेऊन आले, थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिले, आणि न राहवून म्हणाले, "बेनी, अजून चालूच? आमचे भटजी तर सत्यनारायणाचा एखादा अध्याय गाळतात, वर तुपाचा शिरा खाऊन जातात!"

तिसऱ्यांदा मात्र मी म्हटला. बोट ठेवून, अक्षर न अक्षर. नऊ वाजले होते.

आणि रूबेनने खांद्यावरच्या प्रार्थनेच्या शालीची घडी घातली.

"बेनी, सॉरी यार. माझी वाट लागेल. निघतो मी."

"रूबेन, तू गेलास तर नऊ होतील! कद्दिश व्हायचाय अजून!"

"पावणेनऊ म्हटलं होतं मी. तूच म्हणालास आठ!"

बरोबर होतं त्याचं. मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती, हातात लाटणं. वर्षभर ती ह्या एका सकाळची वाट बघत होती, आणि मी दोन वेळा एकच चूक करून ती घालवत होतो. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की क्लेम खात्यातल्या सगळ्या परत पाठवलेल्या फॉर्मवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

रूबेन बूट शोधायला लागला. रॅक आडवा, सगळीकडे चपला. एकाला वाकून बघितलं, दुसऱ्याला उचलून बघितलं. "माझे बूट कुठायत? काळे, लेसवाले!" ठाण्याचे सहा जण शोधायला लागले. फ्रिजखाली बघितलं, बेडरूममध्ये ढकललेल्या सोफ्याखाली बघितलं. बूट नाहीत!

"अरे, सकाळी घालून आलो की मी!"

"मिळतील रे," आई शांतपणे म्हणाली. "तोवर उभा राहा."

अनवाणी अंधेरीला कसा जाणार? बॉसला फोन लावून तो पाच मिनिटं "सर, सर" करत राहिला, मग धुसफुसत परत शाल पांघरून उभा राहिला. म्हणाला, "चालव लवकर."

मी मोठ्याने सुरुवात केली. घसा कोरडा, पाय दुखतायत, अक्षरं नाचतायत. आणि ती जागा जवळ आली तसा मी घाबरलो. परत विसरलो तर? पुस्तकात त्या जागेवर रिबेकाने पिवळी चिकटपट्टी लावली होती, ती कधीच उडून प्रधानांकडे गेली होती. मी एकेक ओळ रेटत होतो, नेमकं कुठे थांबायचं ती जागाच आठवेना.

धाड! धाड! धाड!

मी दचकलो. आईने स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाटणं आपटलं होतं. तीनदा. पपा मध्ये जितके थांबायचे तितकीच थांबून.

एकदम सगळे सरळ झाले. मी यआले वेयावो म्हटला, मोठ्याने. त्यात काय आहे सांगू का? त्यात देवाला म्हणायचं असतं, की आमची आठवण तुझ्यापर्यंत येऊ दे, आमच्या वाडवडिलांची आठवण तुझ्यापर्यंत येऊ दे. बास, एवढंच. मी आठवडाभर बाथरूममध्ये ते घोकलं होतं, आणि अर्थाकडे माझं लक्ष त्या क्षणी पहिल्यांदा गेलं. माझा आवाज फाटला. काकांनी नाक ओढलं. रूबेन खाली बघत राहिला, स्वतःच्या मोज्यांकडे.

पुढचं सगळं सुरळीत झालं. शेवटी दहा माणसं होती. मी पपांचा कद्दिश म्हटला, त्या खिडकीशी उभा राहून, आणि सगळे 'आमेन' म्हणाले. आई आत गेली आणि पुऱ्या परत तळायला लागली.

जेवायला बसलो. अंकलनी पहिली पुरी तोंडात घातली तेव्हा त्यांच्या मुलीला स्वतः फोन करून सांगितलं, "खातोय गं बाई, खातोय!" सायमनकाकांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला आणि चिठ्ठी निघाली.

"वाचा की," रिबेका म्हणाली. तिच्या आवाजात धार होती.

काकांनी वाचली. मग मोठ्याने वाचली, कारण सगळे बघत होते.

'हजानना पनवेलला फोन केला. ते म्हणाले, चालवणारा मनातली म्हणताना विसरला तर त्याने परत म्हणायची नसते. लोकांना त्रास नको म्हणून. सरळ मोठ्याने म्हणायला घ्या. बाकीच्यांनी कान देऊन ऐकलं की त्यांचंही झालं.'

ठाण्याच्या सहा जणांनी चावायचं थांबवलं. ज्यांनी हे नियम केले त्यांना माणसाचे पाय दुखतात हे शेकडो वर्षांपूर्वी माहीत होतं. मुलुंडमध्ये फक्त मला माहीत नव्हतं.

"जास्त म्हटल्याने काही बिघडत नाही," सायमनकाका खीर ओढत म्हणाले. (हजानने नंतर फोनवर सांगितलं, बिघडतं.)

"मी कधीपासून हात हलवत होते!" रिबेका म्हणाली. "आणि हा मला जा म्हणतो!"

"माझे बूट?" रूबेनने विचारलं.

"वॉशिंग मशीनमध्ये आहेत," आई म्हणाली. "धुतले नाहीत रे, नुसते ठेवलेत. तू सकाळी आलास तेव्हाच ठेवले. माझा मुलगा आठला संपवेल ह्यावर माझा विश्वास नव्हता."

रूबेन आधी तोंड वासून बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. प्रेझेंटेशन बारावर ढकललं होतं बॉसने. तो दोन पुऱ्या जास्त खाऊन गेला.

सगळे गेल्यावर मी आईजवळ बसलो. म्हणालो, "आई, चुकलं माझं. पपा असते तर असं झालं नसतं. ते कधी विसरले नाहीत."

आईने माझ्याकडे बघितलं, मी अजून शाळेत असल्यासारखं.

"कोण? हे? अरे, दर महिन्याला विसरायचे! लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तर एकदा चार वेळा प्रार्थना म्हणायला लागली होती. म्हणून तर हात आपटायला लागले. लोकांना काय वाटायचं, सगळ्यांसाठी आपटतायत. ते स्वतःसाठी आपटायचे रे."

मी बराच वेळ हसत होतो. डोळे पुसत होतो आणि हसत होतो. वर्षभरात पहिल्यांदा मला बापाची गादी आपल्याला झेपेल असं वाटलं.

पुढच्याच महिन्यात ठाण्याच्या लोकांनी मला ते काम दिलं. "तुझ्या पपांची जागा, तूच आपट." आता, काही महिन्यांना नव्या महिन्याचे दोन दिवस असतात, काहींना एकच. पण मी ठरवलंच होतं, ह्यापुढे विसरायचं नाही म्हणजे नाही. सकाळी पहिल्या रांगेत जाऊन बसलो, योग्य क्षणी उठलो आणि टेबलावर असा हात आपटला, की मागे कोणाचं तरी पुस्तक पडलं. धाड, धाड, धाड! बावीस माणसांनी माझ्या भरवशावर डोळे मिटून देवाला सांगितलं, आज नवा महिना आहे. तो कालच लागला होता, आणि त्या महिन्याला दिवस एकच होता.

देवाला ठाऊक होतं म्हणून बरं.